होडीतला संसार आणि स्वसंरक्षणाचे शास्त्र

नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या तलावात कुणी होडी टाकून संसार थाटलाच, तर त्याला समुद्री चाच्यांचे भय बाळगण्याचे कारण नाही. कारण 2022 च्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्यानुसार चाचेगिरी, म्हणजे एका खासगी जहाजावरील लोकांनी स्वार्थापोटी दुसऱ्या जहाजावर केलेली लूटमार, ही प्रादेशिक समुद्राच्या पलीकडेच घडू शकते आणि नागपुरातला लुटारू कितीही पराक्रमी असला तरी भुरट्या चोराच्या पदावरच राहतो. मात्र 1 जुलै 2024 पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता राहत्या होडीला घराइतकाच मान देते, त्यामुळे गुन्ह्याच्या हेतूने तीत शिरणे हे गृह-अतिक्रमण ठरते आणि होडीकराला खासगी संरक्षणाचा हक्क, म्हणजे जीव व चीजवस्तू वाचवण्यापुरते बळ वापरण्याची मुभा, मिळते. अट एवढीच की पोलिसांकडे धाव घेण्यास सवड असेल तर हा हक्क उरत नाही. म्हणजे अरबी समुद्रात हक्क मुबलक आणि हाकेला ओ देणारे कुणी नाही, तर सक्करदऱ्यात पोलीस ठाणे परिसरातच असल्याने होडीकराने उगारलेली काठी खाली ठेवून, चोराला थांबायची विनंती करून, वल्ही मारत काठ गाठणे अधिक शास्त्रशुद्ध. तलावावरच्या खऱ्या हल्लेखोरांविषयी, म्हणजे मच्छरांविषयी, संहिता मौन पाळते.