सायकल येते का?

देवनहळ्ळीत राहणारा माझा भाचा आयईएलटीएसच्या तोंडी परीक्षेची तयारी करतोय. प्रश्न साधा: तुला सायकल चालवता येते का? त्याचं खरं उत्तर होतं, ‘पुण्यात शाळेत असताना चालवायचो. चेन पडायची, हात काळे व्हायचे.’ क्लासच्या सरांनी त्यावर लाल काट मारली आणि पर्यावरण, हृदयाचं आरोग्य, इंधनबचत असं तिन्ही त्रिकाळ म्हणायचं स्तोत्र लिहून दिलं. आता तो ते घडाघडा म्हणतो. क्लासला मात्र दोन गल्ल्या ओलांडून स्कूटरवर जातो.

सरांचंही चूक नाही म्हणा. ११ ते १४ मिनिटांच्या या परीक्षेत ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार यांना सारखंच वजन. सायकल येते की नाही, याला शून्य. रविवारी पहाटे बल्लारी रस्त्याने नंदी टेकडीकडे निघालेल्या सायकलवाल्यांना मात्र उलट न्याय. ते घाम गाळतात, गुण कुणी देत नाही.

काल भाचा जरा धास्तावला होता. ‘मामा, नेदरलँड्समध्ये ॲडमिशन मिळाली आणि तिथे खरंच चालवावी लागली तर?’