माझ्या प्रयत्नांतून

भिवंडीत उमेदवाराची पारख करावी तर मीच, असं माझं प्रामाणिक मत आहे. कार्यअहवालाची गुळगुळीत पुस्तिका दारात पडली की मी लाल पेन घेऊन बसतो आणि ‘माझ्या प्रयत्नांतून’ दिसलं की समासात ‘पुरावा?’ असं लिहितो. बायको याला रिकामटेकडेपणा म्हणते. सोसायटीचा सचिव असताना मी वार्षिक अहवालात ‘माझ्या कार्यकाळात पाऊस समाधानकारक झाला’ असं लिहिलं होतं, हे ती अजून विसरलेली नाही.

परवाची पुस्तिका 2017 ते 2022 अशी नगरसेवकी केलेल्या साहेबांची. पहिलं श्रेय भारनियमनमुक्तीचं. आता वीजवितरण टोरंट कंपनीकडे गेलं जानेवारी 2007 मध्ये. देशातली ती पहिली फ्रँचायझी. साहेब तेव्हा राजकारणातही नव्हते. शेवटच्या पानावर आश्वासन : टोरंट हटवणारच! पुढे मेट्रो. डिसेंबर 2018 मध्ये पंतप्रधानांनी कल्याणात भूमिपूजन केलं, त्या फोटोतल्या गर्दीत एका ठिपक्याला बाण दाखवलाय. तो ठिपका म्हणजे साहेब.

इथे थोडं विषयांतर, कारण हा किस्सा सांगितल्याशिवाय मला जेवण जात नाही. 2017 मध्ये पालिकेच्या 90 पैकी 47 जागा काँग्रेसला. स्पष्ट बहुमत. डिसेंबर 2019 मध्ये महापौर कुणाचा? चार नगरसेवकांच्या कोणार्क विकास आघाडीचा! इतरांच्या साथीला काँग्रेसचे 18 जणही तिकडे गेले. पाहुण्यांना हे मी शेंगदाण्यांनी समजावतो. इकडे 47, तिकडे 4, मग 18 दाणे सरकवायचे. तोवर पाहुण्यांनी एवढे दाणे खाल्लेले असतात की सभागृहाची गणसंख्याच उरत नाही. तर, ‘महापौर बसला माझ्या प्रयत्नांतून’ हे त्या 18 जणांनी छापलं, तर मी पुरावा मागणार नाही.

असो. पानं उलटताना पेन थांबलं ते भलत्याच जागी. साहेबांच्या याच कारकिर्दीत, 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे, पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली. तीसहून जास्त जीव गेले. पुस्तिकेत ती पहाट नाही. रस्ता यांच्यामुळे, गटार यांच्यामुळे, बाकडं यांच्यामुळे. इमारत मात्र आपोआप पडली. विनोद करायची माझी खोड आहे, पण इथे मला राग येतो.

पुस्तिका तुमच्याकडेही येईल. आधी 2020 शोधा. नसेल, तर हात जोडून आलेल्या माणसाला उंबऱ्यावरच विचारा : धोकादायक इमारतींच्या यादीवर तुम्ही सभागृहात किती वेळा उभे राहिलात?