नमुना क्रमांक 1 यांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय नमुना क्रमांक 1 (शारीरिक पात्रतेचे स्वयंघोषणापत्र),
केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989

विषय : डावी बाजू

महोदय,

स. न. वि. वि.

आपण तसे शेजारीच. एमएच 47 पाटीच्या गाड्यांचा संसार सांभाळणारं आरटीओ नावाने बोरिवलीचं असलं, तरी बसतं आमच्या चारकोपात. तरीही मला पक्षाघात होऊन गेल्याचं तुमच्या कानावर आलेलं दिसत नाही.

यायला मार्गच नाही म्हणा. 2019च्या दुरुस्तीनंतर पंचावन्नच्या पुढच्यांना परवाना पाच वर्षांचा मिळतो. माझा नवा करून आणला आणि पाठोपाठ मेंदूच्या उजव्या बाजूत गुठळी अडकली. म्हणजे तुमची-माझी भेट आता थेट पुढच्या नूतनीकरणाला. तोवर कायद्याच्या लेखी मी ठणठणीत. कलम 16 प्रमाणे शंका आली तर आरटीओ केव्हाही वैद्यकीय दाखला मागू शकतं, परवाना रद्द करू शकतं. पण शंका यायला आधी कुणीतरी चहाडी करावी लागते. इथे कोण करणार? सोसायटीतली मंडळी तर "काका, आता ऑटोमॅटिक घ्या" म्हणतात.

सल्ला वाईट नाही. आपल्याकडे गिअर डाव्या हाताचा, क्लच डाव्या पायाचा. ऑटोमॅटिकमध्ये दोघांनाही रजा. इंडिकेटरची दांडी बहुतेक गाड्यांत उजवीकडे, तीही मला छान जमते. लिंक रोडवर ती वापरायची पद्धत नाही, हा भाग वेगळा.

भेटायला येणारा प्रत्येक जण "मूठ वळते का बघू" म्हणतो. मी वळवून दाखवतो. "अरे वा!" होतं, चहा होतो आणि मी गाडी चालवायला योग्य असल्याचा ठराव एकमताने मंजूर होतो. महोदय, तुमचीही रीत हीच. तुमच्या सात प्रश्नांत फीट आहे, चक्कर आहे, हातापायांची ताकद आहे, लाल-हिरव्याची ओळख आहे, रातांधळेपणा आहे, बहिरेपणा आहे. पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, हेही आहे. मी गॅलरीतून समोरच्या स्कूटरची वाचली. चाळिशीनंतर डॉक्टरांकडून भरून घ्यायचे तुमचे धाकटे बंधू 1-अ दूरची नजर, कान, हातपाय आणि सांधे बारकाईने बघतात. त्यांच्याकडेही मी पास होईन.

आता ताटाचं सांगतो. इस्पितळातून घरी आलो तेव्हा ताटात डावीकडची चटणी, लोणचं, कोशिंबीर तशीच राहायची. बायकोला वाटलं, रक्तदाबाच्या धास्तीने मी लोणचं सोडलं. तिने शेजारी कौतुकाने सांगूनही टाकलं. मग एकदा तिने मुकाट्याने ताट फिरवलं आणि मी कोशिंबिरीवर ताव मारून भाजी तशीच ठेवली.

डॉक्टर याला 'निग्लेक्ट' म्हणतात. डोळे शाबूत असतात, मेंदू डावीकडची दखल घेत नाही. थेरपिस्टबाईंनी ठिपक्यांचा कागद देऊन सगळे खोडायला सांगितलं. उजवीकडचे खोडून मी पेन्सिल ऐटीत खाली ठेवली. काही राहिलंय असं मला अजिबात वाटत नव्हतं. अंधाराला निदान अंधार म्हणून ओळखता येतं. इथे काही नाही, हेच कळत नाही.

आणि तुमच्या तळाशी तर लिहिलेलं असतं, की वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे. तक्रार हीच आहे. ज्याच्या समजुतीत बिघाड झालाय, त्याच्याच समजुतीवर तुमची सगळी भिस्त! सातवा प्रश्न विचारतो, की लोकांना धोका होईल असा दुसरा काही आजार आहे का. मला विचाराल तर नाही. बायकोला विचारा.

आता माझी चटणी संपते. पण उजवीकडे गरम पुरणपोळी पडली की डावीकडची वाटी पुन्हा अदृश्य. डावीकडे एकटं काही असेल तर दिसतं. दोन्हीकडे एकदम काही आलं की डावं गळतं. अन् चारकोपात एकदम येत नाही असं काय आहे? जागतिक बँकेच्या पैशातून या सेक्टरांच्या गल्ल्या आखल्या, तेव्हा दारोदारी गाडी येईल हे कुणाच्या स्वप्नात नसावं. दोन्ही कडांना रिक्षा लावलेल्या, उजवीकडून टेम्पोचा हॉर्न, आणि त्याच क्षणी डाव्या हाताच्या दोन रिक्षांच्या फटीतून क्रिकेटच्या चेंडूमागे पोर. पार्सलवाले मोटारसायकलस्वार तर डावीकडूनच घुसतात.

ब्रिटनमध्ये पक्षाघातानंतर महिनाभर मोटार चालवायची नाही असा नियम आहे, बस-ट्रकवाल्यांना वर्षभर. महिन्यानंतरही काही उरलं असेल तर परवाना खात्याला स्वतःहून कळवायचं. तिथेही भिस्त माणसाच्या शब्दावरच, पण निदान पक्षाघाताचं नाव घेऊन विचारतात.

कायमची बंदी घाला, असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या नाक्यावर बिल्लेवाल्या रिक्षाचालकांची रांग असते. त्यांतल्या एखाद्याला झटका आला, तर खरं लिहिणं म्हणजे चूल विझवणं. तो 'नाही'च लिहील, आणि त्याला खोटारडा म्हणण्याची माझी हिंमत नाही. त्याला बंदी नको, चाचणी हवी : ठिपक्यांचा कागद, शेजारी जाणकार बसवून रस्त्यावर एक फेरी, नाही जमलं तर तीन महिन्यांनी पुन्हा, आणि तोवर घर चालेल अशी काही सोय. शेवटचं कलम सगळ्यांत महाग, म्हणून ते कुणी छापणार नाही.

तूर्त आठवा प्रश्न तरी घाला : जेवणानंतर ताटात डावीकडे काय उरते? (उत्तर अर्जदाराने लिहू नये.)

कळावे,
आपला शेजारी,
एक परवानाधारक, चारकोप

ता. क. : गाडी कित्येक दिवस जागची हललेली नाही, तरी पीयूसी संपत आल्याचा मेसेज वेळेवर आला. रविवारी भाचा तिला पंपावर नेईल. धूर तपासून झाला की, सोबतचा माणूसही तपासून मिळतो का, तेवढं विचारून ये म्हणून सांगितलंय.