मन खंबीर करण्याची रीत: मुदत दहा दिवस

मन खंबीर करायचे ठरवलेल्या साधकाने आधी खरेदीला जावे, अशी सध्याची रीत आहे. बसायला खास गादी, मंद घंटा वाजवणारे ॲप, ॲपची वार्षिक वर्गणी. एवढे झाले की निम्मी शांती पदरात पडते. उरलेल्या निम्मीसाठी दुर्दैवाने बसावे लागते.

खरेदीविना भागवायचे असेल तर इगतपुरीचे धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे. मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशातच सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना ही ध्यानपद्धती शिकले आणि १९६९ मध्ये ती भारतात घेऊन आले. दहा दिवसांच्या शिबिराला शुल्क नाही. दान घेतात तेही शिबिर पुरे केलेल्यांकडूनच. फुकटात मिळते ते सोपे असते असे मानणाऱ्यांनी वेळापत्रक वाचावे. पहाटे ४ वाजता घंटा, दिवसाला सुमारे १० तास बैठक, अकराला जेवण. संध्याकाळी पाचला नवख्यांना चहा आणि थोडा फराळ, जुन्या साधकांना नुसते लिंबूपाणी. अनुभवाची अशी कदर इतरत्र होत नसावी.

मोबाइल, वही, पुस्तक आधीच जमा. बोलायचे नाही, खाणाखुणाही नाहीत. पहिले तीन दिवस नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा. त्यात पाहण्यासारखे काही नाही हे लवकरच कळते आणि मन फावल्या वेळात शाळेतल्या अपमानापासून सोसायटीच्या पार्किंगपर्यंतची सगळी प्रकरणे फेरसुनावणीला घेते. पुढे येते अधिष्ठान, म्हणजे तासभर न हलता बसणे. गुडघा ठणकू लागतो. साधकाने तो चोळायचा नाही, ठणका कसा वाढतो आणि कसा ओसरतो ते नुसते बघायचे. खंबीरपणाची खरी तालीम एवढीच.

१९९४ मध्ये किरण बेदी तुरुंग महानिरीक्षक असताना तिहारमध्ये हजारावर कैद्यांनी हेच केले. अर्ध्यातून घरी जाण्याचा मोह निदान त्यांना आवरावा लागला नाही.

अवघड टप्पा घरी. रोज सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, अशी सूचना असते. डोळे मिटताच कुकरची शिट्टी, कुरियरवाला आणि "झोपलास का रे?" ही आईची हाक ओळीने हजर होतात. साधक चिडतो. म्हणून दहा दिवस वाया गेले असे मानू नये. पूर्वी आपण चिडलो होतो हे त्याला दुपारी कळायचे, आता तिथल्या तिथे कळते.

मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर शिबिराच्या अर्जात ते लपवू नये, आधी डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांनी अर्ज मंजूर झाल्यावरच रेल्वेचे तिकीट काढावे.