ती. आत्यास, नकाशावरून सा. न.



मी कुठे बसून लिहितोय ते तुला दिसतंच आहे, म्हणून वर पत्ता घातलेला नाही.

गणपतीला कोकणात जाताना ताम्हिणी घाटात तुला काळजी नको, म्हणून गूगल मॅप्सवर लोकेशन दिलं. घाईत 'एक तास'ऐवजी 'बंद करेपर्यंत' दाबलं गेलं. घाटात रेंज नसते, त्यामुळे ज्या वाटेसाठी दिलं तिथे मी तुला दिसलोच नाही. त्यानंतर मात्र दिवाळी उलटली तरी माझं गोल तोंड तुझ्या नकाशावर हिंडतंच आहे. बॅटरी किती टक्के उरली तेही तुला कळतं. 'फोन बंद पडला होता' ही माझी हक्काची थाप तेवढी गेली.

2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं. त्याच वर्षी मार्चमध्ये गूगल मॅप्सवर ही सोय आली होती, ऑक्टोबरात व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन आलं. निकाल सरकारसाठी होता गं. आत्यांपुढे नऊ न्यायमूर्ती काय करणार?

परवाचंच घे. एका इमारतीपाशी मी तासभर थांबलो. नकाशा जागा दाखवतो, मजला नाही. खाली साड्यांचं दुकान, वर मानसोपचार तज्ज्ञ. मी साड्या घेत नाही हे तू ओळखलंस आणि फोन केलास. मी एका मित्राला घेऊन गेलो होतो. कोणाला, ते विचारू नकोस. त्याने त्याचं लोकेशन तुला दिलेलं नाही, तरी माझ्या तोंडामागून तो तुझ्या ओट्यापर्यंत पोचलाच असता. म्हणून 'मलाच झोप येत नाही' म्हणून सुटलो. तेव्हापासून ब्राह्मीच्या तीन बाटल्या आल्या. बाबांचाही फोन आला, आणि पाठोपाठ बेळगावच्या मावशीचाही, जिच्या फोनवर मी नाहीच.

तर आता बंद करतो. रात्रीच्या प्रवासात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवीन. तिथे 15 मिनिटं, एक तास किंवा आठ तास, एवढंच मिळतं. 'कायम' नाही.

तुझा आशीर्वाद असू दे.

ता. क. तुझं लोकेशन आजवर एकदाही आलेलं नाही. विनंती पाठवली आहे. मंगळवारच्या भिशीपुरता एक तास पुरे.