सुलतान बाजारात डिझेल कशाला?

“मियाँ, एवरेज कित्ता देती?”

हैदराबादच्या सुलतान बाजारात नवी पिकअप आली की तिची चाके थांबायच्या आत हा प्रश्न येतो. बडी चावडीच्या तोंडाशी भाड्याची वाट पाहणारा ट्रालीवाला विचारतो, साडीच्या दुकानातला मुनीम विचारतो, गाठी उतरवणारा हमालसुद्धा विचारतो. आकडा ऐकून माना डोलतात आणि विषय तिथेच मिटतो. मला या प्रश्नाचा राग येतो. गाडी लिटरला किती पळते हे सगळ्यांना हवे असते. ती दिवसाला किती पळणार, हे गाडी घेणाऱ्याला ना शोरूमवाला विचारतो, ना हप्ता बांधून देणारा. डिझेल घ्यावे, पेट्रोल घ्यावे की गॅस, हे ठरते मात्र त्याच एका उत्तरावर.

या बाजारातल्या गाडीचा दिवस पाहा. सकाळी बेगम बाजारात गाठी भरायच्या. पुतलीबावलीला अडकायचे. सुलतान बाजारात दुकानापर्यंत जाता येत नाही म्हणून कोपऱ्यावर उभे राहायचे, आणि हमाल येईपर्यंत इंजिन चालूच ठेवायचे, कारण वाहतूक पोलीस कधी हाकलेल याचा नेम नाही. मग ट्रूप बाजारातून पंख्यांचे खोके, गुजराती गल्लीतून आणखी काही, असे करत संध्याकाळ होते. इंजिन दिवसभर धडधडलेले असते आणि काटा तीस-चाळीस किलोमीटरने पुढे सरकलेला असतो.

यात गाडीचा दोष नाही, चालकाचा तर नाहीच. या गल्ल्या मोटारींसाठी आखलेल्याच नव्हत्या. हा इंग्रज रेसिडेन्सीच्या भिंतीलगत वाढलेला बाजार. १९३३ साली तो निजामाच्या ताब्यात परत आला आणि रेसिडेन्सी बाजाराचा सुलतान बाजार झाला. त्याची रुंदी तेव्हा होती तेवढीच राहिली, माल तेवढा वाढत गेला.

मग इथे डिझेल आले कसे? २००५ साली टाटांनी ‘एस’ आणली. दोन सिलिंडरचे ७०२ सीसीचे डिझेल इंजिन, आटोपशीर बांधा, आणि जिथे ट्रक शिरत नाही तिथे शिरणारी चार चाके. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटले आणि तिने खरोखर हजारो घरे उभी केली. तेव्हाचा हिशेब चोख होता. डिझेलवर सरकारी अनुदान होते, पेट्रोल बरेच महाग होते, धूर मोजणारे नियम सैल होते. डिझेल घेणारा शहाणा ठरत होता.

पुढे एकेक खांब निखळला. जानेवारी २०१३ पासून डिझेलचे दर दर महिन्याला थोडेथोडे चढू लागले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये ते सरकारी नियंत्रणातून पूर्ण सुटले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२०नंतर बीएस-६ या धुराच्या नियमात बसल्याशिवाय नवी गाडी विकायची नाही असे बजावले. लहान डिझेल इंजिन त्या नियमात बसवायचे तर खर्च इतका वाढतो की मारुतीने ते सोडूनच दिले. २०१६ मध्ये ७९३ सीसीच्या डिझेल इंजिनासह आणलेली सुपर कॅरी २०२० पासून फक्त पेट्रोल आणि सीएनजीवर धावते. खुद्द टाटांनी जून २०२५ मध्ये ‘एस प्रो’ बाजारात उतरवली, सुरुवातीची किंमत ३ लाख ९९ हजार. ती पेट्रोलवर आहे, पेट्रोल अधिक सीएनजीवर आहे, विजेवर आहे. डिझेलवर नाही. छोटा हत्ती जन्माला घालणाऱ्यांनीच आपल्या सगळ्यांत लहान गाडीतून डिझेल वगळले, तरी आमच्या कोपऱ्यावर ‘लोड उचलायचा तर डिझेलच’ हे वाक्य वीस वर्षांपूर्वीच्याच ठसक्यात म्हटले जाते.

बीएस-६ डिझेल गाडीत धुराच्या वाटेवर एक जाळी असते, डीपीएफ म्हणतात तिला. इंजिनातून निघणारी काजळी ती अडवते. अडलेली काजळी साठत जाते आणि ठरावीक मर्यादेनंतर ती जाळीतच जाळून टाकावी लागते. त्यासाठी आतली उष्णता सहाशे अंशांच्या आसपास न्यावी लागते. महामार्गावर गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग वेगात असली की हे काम आपोआप उरकते, चालकाला कळतही नाही. पण कोठीच्या चौकात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीत ती उष्णता यायची कुठून? जाळणे सुरू होते, तेवढ्यात गाडी बंद करावी लागते. पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते. मग एके दिवशी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. चालक पहिल्यांदा त्याच्याकडे दुर्लक्ष करतो, कारण भाडे अर्धवट आहे. आणखी काही दिवसांनी गाडी स्वतःची ताकद उतरवते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी ओढत नाही. शेवटी वर्कशॉप, आणि एक-दोन दिवसांची कमाई बुडाली. जाळी बदलायचीच वेळ आली तर तिचे बिल वर्षभराची बचत गिळते.

गाडी विकताना हे सांगायला किती वेळ लागतो? दोन मिनिटे. ती दोन मिनिटे शोरूममध्ये कोणाकडे नसतात. कर्जाच्या कागदांवर सह्या घ्यायला मात्र तासभर असतो.

आता आकडे मांडू. मार्च २०२४ मध्ये देशभर दोन रुपयांनी दर उतरले तेव्हा हैदराबादेत पेट्रोल १०७ रुपये ४१ पैसे आणि डिझेल ९५ रुपये ६५ पैसे झाले. हेच दर धरू. गाडी दिवसाला ४० किलोमीटर धावते, कामाचे दिवस वर्षाला ३००. गल्लीत, लोडसह, पेट्रोल गाडी १३ देते आणि डिझेल १५ देते असे समजू. पेट्रोलचा दिवसाचा खर्च ३३० रुपये, डिझेलचा २५५. रोजचे ७५ वाचले, वर्षाचे साडेबावीस हजार. डिझेल गाडीला सुरुवातीला लाखभर जास्त मोजले असतील तर ते वसूल व्हायला साडेचार वर्षे लागतात. त्या लाखावरचे व्याज यात धरलेले नाही, जाळीची दुरुस्तीही नाही. तोवर कर्जही फिटलेले असेल आणि गाडी जुन्या बाजाराच्या दारात उभी असेल.

हीच गाडी देगलूरच्या रस्त्याला लावा. जाऊन-येऊन चारशे किलोमीटर, आठवड्याला तीन फेऱ्या, वर्षाला साठ हजार किलोमीटर. तिथे पेट्रोल १४ आणि डिझेल १७ धरले तरी वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास वाचतात. लाखाचा फरक वर्षाच्या आत निघतो, वेगामुळे जाळी आपोआप साफ राहते, आणि चढावर पूर्ण लोड घेऊन डिझेल ज्या ताकदीने ओढते तशी ताकद गॅसच्या गाडीकडे नाही. नांदेड, देगलूर, उदगीरहून बेगम बाजारात माल भरायला येणाऱ्या पिकअपवाल्यांना मी डिझेल सोडा असे कधीच म्हणणार नाही. त्यांचे गणित बरोबर आहे. त्यांच्याकडे पाहून गाडी घेणाऱ्या सुलतान बाजारकरांचे चुकते आहे.

आणि गॅस? इथे आपल्या मराठी घरांत एक वेगळीच गडबड होते. पुण्याचा मेहुणा किंवा ठाण्याचा भाचा सणाला येतो आणि सांगतो, ‘सीएनजी घ्या दाजी, निम्म्यात काम होतं.’ तो त्याच्या गावापुरते खोटे बोलत नाही. कारण महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला. पण हैदराबादेत भाग्यनगर गॅसचे पंप आहेत आणि तिथला किलोचा दर मुंबईपेक्षा बराच चढा, नव्वदीच्या घरात, म्हणजे डिझेलच्या लिटरच्या जवळपास. एक किलो गॅसवर लहान पिकअप साधारण तेवढीच पळते जेवढी एक लिटर डिझेलवर. दर सारखा आणि पल्ला सारखा, मग ‘निम्म्यात’ कुठून होणार? गॅसची गाडी इथे पेट्रोलच्या गाडीला मागे टाकते, डिझेलला रोजच्या खर्चात जेमतेम गाठते. मेहुण्याचा हिशेब पुण्यातच ठेवून यायचा.

गॅसचे दुखणेही सांगितले पाहिजे. दोनशे बारच्या दाबाचे सिलिंडर जड असते, तेवढा माल कमी भरावा लागतो. दर तीन वर्षांनी त्याची दाबाची चाचणी करून घ्यावी लागते, आणि ती टाळणारा स्वतःबरोबर आख्ख्या गल्लीचा जीव टांगणीला लावतो. पंपावर रांग असते. भर दुपारी तापलेल्या टाकीत गॅस कमी मावतो, म्हणून जुने चालक पहाटे भरून घेतात. एवढे सोसायची तयारी असेल तर घ्या. नसेल तर सरळ पेट्रोल घ्या, त्यात कमीपणा नाही. ज्याला रात्री गाडी लावायला स्वतःचे आवार आणि तिथे विजेचा जोड आहे त्याने विजेच्या गाडीची चौकशी जरूर करावी. तेलंगण सरकारने नोव्हेंबर २०२४ च्या धोरणात विजेवरच्या हलक्या मालगाड्यांनाही २०२६ अखेरपर्यंत रोड टॅक्स आणि नोंदणी शुल्क माफ केले आहे. दिवसाला चाळीस किलोमीटर हा तिच्या आवाक्यातला पल्ला आहे.

इथवर पैशाचे झाले. पण मी हा विषय हाती घेतला तो धुरामुळे.

७ फेब्रुवारी २०२० रोजी सुलतान बाजारचे मेट्रो स्टेशन सुरू झाले. मेट्रोने माणसांची सोय झाली, ते मी नाकारत नाही. पण अरुंद रस्त्यावर आता डोक्यावर काँक्रीट आहे, दोन्ही बाजूंना दुकाने आहेत, आणि मध्ये इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्या. त्यांत बीएस-६ च्या आधीच्या, जाळी नसलेल्या कितीतरी. काही नव्या गाड्यांतली जाळीसुद्धा मेकॅनिककडून गुपचूप काढून टाकली जाते, ‘कटकट गेली’ म्हणून. डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो असा स्पष्ट निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्येच दिला आहे. तंबाखूच्या धुराच्याच गटात तिने त्याला घातले.

तो धूर जातो कुणाच्या छातीत? गाडीचा मालक घरी असतो. चालक काच वर करतो. फूटपाथवर बसून गजरे विकणाऱ्या बाईचे तोंड सायलेन्सरच्या उंचीवर असते. जांबागेतल्या विवेकवर्धिनी शाळेत निघालेल्या मुलाचेही तेवढेच. साडीच्या दुकानाच्या पायरीवर दहा-बारा तास उभे राहून ‘या ताई, आत या’ म्हणणारा पोरगा तर दिवसभर तेच ओढत असतो. डिझेल गाडीच्या हिशेबात या माणसांचा खर्च कुठल्याच रकान्यात येत नाही. तो आला पाहिजे असे मला मनापासून वाटते. म्हणून वर्षाचे साडेबावीस हजार समोर ठेवूनही मी म्हणतो की या बाजारात डिझेल नको.

दुकानदारांनाही विचारायचे आहे. पिकअप कोपऱ्यावर अर्धा तास का खोळंबते? कारण हमाल दुसरीकडे आहे आणि माल घेणारा जेवायला गेला आहे. फेरीचे भाडे ठरलेले असते, खोळंब्याचे पैसे कोणी देत नाही, मग त्या अर्ध्या तासाची किंमत तुम्हाला जाणवणार कशी? गाठी दुकाने उघडण्याआधी उतरवून घ्या. ते जमत नसेल तर अर्ध्या तासापुढच्या खोळंब्याचे वेगळे पैसे लावा. हमाल आपोआप वेळेवर येईल, आणि चालकाला इंजिन बंद करून बसता येईल.

डिझेल घेणाऱ्याच्या तोंडी शेवटी एक कारण हमखास येते. ‘महिन्यातून एखादी फेरी देगलूरची लागते, तेव्हा?’ महिन्याच्या एका फेरीसाठी एकोणतीस दिवस चुकीची गाडी चालवायची, हे मला पटत नाही. उस्मानगंजच्या बाजूला जाऊन नंबरप्लेटा पाहा. एमएच २६ नांदेडच्या, एमएच २४ लातूरच्या. माल भरून गावी परतणाऱ्या या गाड्या डिझेलच्या आहेत आणि त्यांनी डिझेलच्याच असावे. त्यांतल्या एखाद्या गाडीत थोडी जागा राहिलेली असते. चालकाशी बोलून तुमचे चार गठ्ठे तिच्यात टाका, देगलूरला पोचतील. स्वतःच्या नावावर मात्र पेट्रोलची किंवा गॅसची गाडी काढा.