दस्ता सागाचा

बंदूक वारशाने मिळते, नेम मिळत नाही. आमच्या घराण्यात हे तीन पिढ्यांपासून सिद्ध झालेलं आहे, पण बाहेर त्याची वाच्यता नाही. बाहेरच्यांसाठी मी गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जंगलातला, बारा बोअरच्या एकनळीचा वारस. पुण्याच्या पाहुण्यांना एवढं सांगितलं की पुढचं ते स्वतःच रचतात: अहेरीचे राजे, मचाण, चांदणी रात्र, वाघ. मी खोटं बोलत नाही. ऐकणाऱ्याच्या कल्पनाशक्तीला आडवा जात नाही, इतकंच.

आबाजी, म्हणजे माझे आजोबा, लाकडाच्या ठेकेदाराकडे मुन्शी होते. मजुरांचे चुकारे करायला रोकड घेऊन तोडणीच्या कूपात जावं लागे, म्हणून बंदुकीचा परवाना. वाघ त्यांना दिसला असेल, पण वाघाला ते दिसू नयेत याचीच त्यांनी जास्त काळजी घेतली. जन्मात त्यांनी एकच बार काढला, तोही पोळ्याला, आग्रहाखातर, हवेत. तोरणाखाली उभे असलेले बैल असे उधळले की मुहूर्ताच्या अर्धा तास आधीच पोळा फुटला. आबाजींच्या हातून बंदूक सुटली आणि कुणाचासा ढवळा बैल तिच्यावर पाय देऊन गेला. नळीला काही झालं नाही. दस्त्याचे मात्र दोन तुकडे.

तो दस्ता अक्रोडाचा होता. चांगल्या बंदुकीचा दस्ता अक्रोडाचाच असतो: वजनाला बेताचा, धक्का सोसणारा, चिरफळ्या न होणारा. पण आलापल्लीत अक्रोड दिवाळीच्या डब्यातसुद्धा मुश्किलीने दिसायचा. सुतार म्हणाला, ‘मुन्शीजी, साग लावून देतो.’ आणि आमच्या बंदुकीला सागाचा दस्ता लागला.

आता सागाचा विषय निघालाच आहे, तर वाचकांनी जरा बूड टेकावं. आलापल्लीचा माणूस कुणाच्याही घरी गेला की आधी चौकट बघतो, मग यजमान. मुलगी बघायला गेलो तर पोहे येईपर्यंत आम्ही दिवाणाच्या पायावर बोटाच्या पेराने टकटक करून घेतो. आवाज पोकळ आला तर पत्रिका जुळत नाही. माझ्या सासऱ्यांकडे प्लायवूडचं कपाट होतं. लग्न झालं, पण आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांनी ती गोष्ट आजवर विसरलेली नाही. भामरागडच्या रस्त्याला वनखात्याने सहा हेक्टर जुनं जंगल न तोडता तसंच राखलंय, त्याला ‘वनवैभव’ म्हणतात. 2014 मध्ये त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तिथल्या सागाच्या बुंध्याला मिठी मारून फोटो काढायचा म्हटलं तर दोघं लागतात, आणि आमचे लोक फोटो काढताना निसर्गसौंदर्याऐवजी घनफुटाचा हिशेब करतात. सागात सिलिका असते, ती करवतीची धार खाते. त्याला अंगचं तेल असतं, म्हणून वाळवी नाक मुरडते. 1817 साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका इंग्लंडात अजून तरंगते आहे. ते लाकूड मलबारचं होतं हे मला ठाऊक आहे, आणि ते मी कुणाला सांगत नाही. 2023 च्या मार्चमध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान वाजतगाजत निघालं, तेव्हा इथला प्रत्येक माणूस असा फिरत होता जणू लाकूड त्याच्याच परसातून गेलंय. मीही फिरत होतो. आमच्या परसात शेवग्याचं एक झाड आहे.

तर दस्ता सागाचा. बंदुकांतले जाणकार हे ऐकून डोळे मिटतात. मूळ दस्ता गेला की बंदुकीची किंमत गेली, असं ते सांगतात. आबाजींचं गणित उलटं होतं. त्यांच्या मते सुताराने एका इंग्रजी नळीला प्रथमच इज्जत दिली. अक्रोडाच्या दस्त्याला जवसाचं तेल चोळतात, असं त्यांनी कुठल्याशा साहेबाकडे पाहिलं होतं. सागाला त्याची गरज नसते. पण आबाजी दर अमावास्येला ओसरीत बसून, आजीच्या जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन तासभर तेल चोळायचे. आजी आतून विचारायची, ‘चटणीले जवस ठेवसान का थोडा?’ तळहाताच्या त्या घासण्याने दस्त्यावर गालाशी येते तिथे एक खोलगट जागा झाली होती. मी लहानपणी तिथे गाल टेकवून पाहायचो. जवसाचा आणि तंबाखूचा वास यायचा. नेम धरायला शिकलो नाही, पण तो वास मला कुठेही ओळखता येईल.

पाहुण्यांपुढे मी ‘बारा बोअर’चा अर्थही सांगतो. नळीत बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्यांचं मिळून एक पौंड वजन भरतं, म्हणून बारा. हे सांगताना मी आवाज थोडा खाली आणतो, त्यामुळे ज्ञान खानदानी वाटतं. नंतर कुणीतरी हमखास विचारतो, ‘दाखवा की मग.’

दाखवायला बंदूक घरात नाही.

मी शाळेत होतो तेव्हा, नव्वदीच्या दशकात, बंदूक कुणाच्या घरी आहे हे इथे सगळ्यांना ठाऊक असायचं. रात्री येऊन मागणाऱ्यांनाही, आणि सकाळी येऊन ‘कुणाला दिली?’ विचारणाऱ्यांनाही. एका रात्री दार वाजलं. बाबांनी उघडलं नाही, आणि वाजवणारे निघून गेले. कोण होते ते कधीच कळलं नाही. बाबांनी उजाडायच्या आत बंदूक गोधडीत गुंडाळली आणि ठाण्यात जमा करून पावती आणली. आबाजी काही बोलले नाहीत. पुढे कितीतरी अमावास्यांना ते आपल्या काठीलाच जवसाचं तेल चोळत बसायचे. जंगलातल्या गावांत त्या वर्षांत ज्यांची माणसं गेली, त्यांच्यापुढे आमचं हे दुःख काहीच नव्हतं. पण आता शहरातला कुणी बंदुकीबरोबरचे आपले फोटो कौतुकाने दाखवायला लागला की माझ्या कपाळाची शीर उठते. आमच्याकडे बंदूक मिरवायची वस्तू नव्हती, ती घरात आहे हे लपवायची गोष्ट होती. हे बोलून झाल्यावर मी त्याला माझा एअर रायफलबरोबरचा फोटो दाखवतो.

हो, ती मी घेतली. खानदानी बंदूक ठाण्यात, मग हाताची सवय कशी राहायची? (सवय नव्हतीच, पण तो तपशील झाला.) एअर रायफल 4.5 मिलिमीटरपर्यंतची आणि वीस जूलपर्यंतच्या ताकदीची असली तर परवाना लागत नाही. मी वीस जूल म्हणजे काय ते घरात सगळ्यांना ऐकवलं, तेव्हा मुलाने विज्ञानाच्या वहीत हिशेब करून दाखवला: दोन किलो बटाट्यांची पिशवी जमिनीवरून मीटरभर उचलून ओट्यावर ठेवायला लागते तेवढी ताकद. बायको म्हणाली, ‘अहो, म्हणजे मी रोज बिनापरवाना हत्यार चालवते.’

नळी मोडून स्प्रिंग ताणायची, छर्रा घालायचा, नळी सरळ करायची. चाप ओढला की स्प्रिंगवाली रायफल आधी मागे धक्का देते आणि लगेच पुढेही, त्यामुळे छर्रा बाहेर पडेपर्यंत ती आपल्याला दोन वेळा फसवून मोकळी होते. मागच्या भिंतीशी सागाची फळी (दुसरी कशाची असणार?) आणि तिच्यावर बिस्किटाचा डबा. वानरांना तिथे येऊ द्यायचं नाही, असा घरच्यांना सांगितलेला हेतू. वानरांना इजा करायची नाही, नुसता आवाज करायचा. पहिल्या दिवशी आवाजाने ती पळाली. आठवडाभरात कुंपणावर येऊन बसायला लागली. आता एक म्हातारं वानर माझा बार झाला की आधी माझ्याकडे बघतं, मग डब्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. एअर रायफलच्या दहा मीटरच्या स्पर्धेत ‘दहा’ गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. पॅरिसला 2024 मध्ये पन्नास मीटरवर कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा, हे मी त्या वानराला सांगितलं. महाराष्ट्राची इज्जत शाबूत आहे, एवढं तरी त्याला कळावं.

आबाजी कोरोनाच्या आदल्या वर्षी गेले. तोवर दर तीन वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण करत राहिले, बंदूक डोळ्यांनी न बघता. त्याच वर्षी कायदा बदलला आणि मुदत पाच वर्षांची झाली. आबाजींनी उरलेली दोन वर्षं नक्की वसूल केली असती. मग मला वारसदार व्हायची हुक्की आली. मुहूर्त बघा. अरुणाचलात 2021 पासून लोक एअरगन सरकारजमा करू लागले होते. आमच्या जिल्ह्यात गावोगावचे लोक घरातल्या भरमार बंदुका पोलिसांना आणून देत होते. 2025 च्या ऑक्टोबरात गडचिरोलीत माओवादी नेता भूपतीने आपल्या साठेक साथीदारांसह शस्त्रं खाली ठेवली. सगळा मुलूख बंदुका परत करतोय आणि मी एकटा बंदूक मागणारा अर्ज घेऊन रांगेत. खिडकीमागच्या माणसाने माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं.

‘कशासाठी पाहिजे जी?’

स्वसंरक्षण म्हणावं तर माझा शत्रू कोण? पीकसंरक्षण म्हणावं तर शेवगा. खेळ म्हणावं तर वानर साक्ष देईल. मी म्हणालो, ‘आजोबांची आठवण.’

‘त्याले रकाना नाही. वारसांची संमती आणा सगळ्यांची.’

शेताच्या सातबारावरून आमच्याकडे तीन दिवाळ्या अबोला राहिला होता, म्हणून मी धसका घेऊनच निघालो. पण बाबांनी ‘राहू दे ना तिथंच’ म्हणत सही केली. चंद्रपूरच्या काकांनी सही करताना कागद वाचलादेखील नाही. बंदुकीला वारस मिळत नाही, हे बघून मला अपमान वाटायला लागला होता. शेवटी बल्लारशाला आत्याकडे गेलो. तिने चहा दिला, चष्मा लावला, कागद दोनदा वाचला.

‘बंदूक तुलेच राहू दे गा. ते लोखंड घेऊन मी का करू?’ ती म्हणाली. ‘पण दस्ता सागाचा आहे ना तो? माह्या बापानं हातानं तेल चोळलेला? तो मले पाह्यजे. तो मले देतो असं लिहून दे, मंग सही.’

आता दस्ता वगळून बंदुकीचा परवाना मिळतो का, हे विचारायला मला पुन्हा जिल्ह्याच्या गावी जायचं आहे. शंभरावर किलोमीटर, सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांमागून. आत्याने निरोप दिलाय, येताना जवसाचं तेलही घेऊन ये.